मॉरिशस पाहावे ते माणसे आली त्या क्रमाने

मॉरिशसला जाणाऱ्या मराठी पर्यटकांच्या वाट्याला बहुधा एकाच साच्यातले मॉरिशस येते. विमानतळाबाहेर टूर कंपनीची गाडी उभी असते, ती तास-दीड तासात बेटाच्या उत्तर टोकाशी असलेल्या ग्रां बे परिसरातील एखाद्या रिसॉर्टवर नेऊन सोडते, मग एक दिवस इल ओ सेर्फ या बेटावरची जलक्रीडा, एक दिवस सात रंगांची माती आणि गंगा तलाव, एक दिवस खरेदी, आणि उरलेला वेळ जलतरण तलावाच्या काठावर. या सहलीत वाईट काही नाही. नवविवाहितांना तर तेवढेच हवे असते. परंतु मध्यम वयाची माणसे, कुटुंबे आणि इतिहासात थोडाफार रस असणारी मंडळी हीच सहल विकत घेऊन परततात आणि ‘समुद्र सुंदर आहे, पण बाकी फारसे काही नाही’ असे सांगतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटते. एवढ्याशा बेटात इतके काही ठासून भरलेले ठिकाण मी दुसरे पाहिलेले नाही. मात्र ते पाहण्यासाठी थोडी वेगळी आखणी लागते, आणि ती कशी करावी हे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

मुख्य बेट दक्षिणोत्तर साधारण ६५ किलोमीटर लांब आणि ४५ किलोमीटर रुंद आहे. ज्वालामुखीतून वर आलेल्या या काळ्या दगडाच्या भूमीभोवती प्रवाळाचे जवळजवळ अखंड कडे आहे, आणि त्या कड्याच्या आत जे उथळ, शांत, फिकट हिरवे-निळे पाणी साचले आहे तेच आपण जाहिरातींमध्ये पाहतो. पण या बेटाची खरी विलक्षण गोष्ट ही, की येथे मूळ रहिवासी म्हणून कोणी नव्हतेच. अरब आणि पोर्तुगीज खलाशांना बेट ठाऊक होते, परंतु वस्ती कोणी केली नाही. १५९८ मध्ये डच जहाजे आग्नेय किनाऱ्याला लागली आणि तेथपासून पुढच्या सव्वाचारशे वर्षांत येथील प्रत्येक माणूस, जवळपास प्रत्येक पीक आणि बहुतेक प्राणी बाहेरून आले. कोण कधी आले, कोणत्या बंदरावर उतरले, स्वखुशीने आले की साखळदंडात, हे सारे आजही त्या त्या जागी उभे राहून पाहता येते. म्हणून मी म्हणतो, की मॉरिशस माणसे आली त्या क्रमाने पाहावे.

सुदैवाने विमानतळ नेमका आग्नेयेलाच आहे. तेव्हा उतरल्याबरोबर उत्तरेकडे धाव घेण्याऐवजी पहिल्या दोन-तीन रात्री माहेबूर या जुन्या गावात किंवा शेजारच्या ब्लू बे, प्वांत देस्नी भागात काढाव्यात. येथे छोटी अतिथिगृहे आहेत, सोमवारी मोठा बाजार भरतो, आणि थोड्याच अंतरावर व्हिय ग्रां पोर येथे डच पहिल्यांदा उतरले ती खाडी आहे. डचांनी प्रिन्स मॉरिस याचे नाव बेटाला दिले, जावामधून हरणे आणि ऊस आणला, आबनूसाची झाडे तोडून नेली, आणि वस्ती टिकत नाही हे पाहून १७१० मध्ये बेट सोडून दिले. त्यांच्याच काळात डोडो नाहीसा झाला. कबुतरांच्या कुळातला हा न उडणारा पक्षी केवळ खलाशांनी मारून संपवला असे सांगितले जाते, पण जहाजांबरोबर आलेले उंदीर, डुकरे आणि माकडे यांनी त्याची जमिनीवरची अंडी खाल्ली, हे कारणही तितकेच मोठे होते. डोडोच्या हाडांचा मोठा साठा १८६५ मध्ये मार ओ साँज नावाच्या दलदलीत सापडला, आणि ती दलदल आजच्या विमानतळापासून अगदी जवळ आहे. डोडोची प्रतिमा तुम्हाला टी-शर्टपासून पारपत्रावरच्या शिक्क्यापर्यंत सर्वत्र भेटेल. त्याची खरी गोष्ट मात्र याच कोपऱ्यात घडली.

माहेबूरच्या इतिहास संग्रहालयाला अवश्य एक तास द्यावा. डचांनंतर बेट फ्रेंचांच्या ताब्यात आले होते. ऑगस्ट १८१० मध्ये याच खाडीत फ्रेंच आणि इंग्रज आरमारांची लढाई झाली आणि फ्रेंच जिंकले. पॅरिसच्या विजय कमानीवर नेपोलियनच्या आरमारी विजयांपैकी हा एकमेव विजय कोरलेला आहे. दोन्ही बाजूंचे जखमी सेनापती उपचारांसाठी एकाच वाड्यात ठेवण्यात आले होते, आणि तोच वाडा आज संग्रहालय आहे. विजय फार टिकला नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस हिंदुस्थानातून आणलेल्या फौजेसह इंग्रज उत्तरेकडे उतरले आणि डिसेंबरमध्ये बेट त्यांच्या ताब्यात गेले. मात्र शरणागतीच्या अटींमध्ये फ्रेंच वसाहतवाल्यांना आपली भाषा, कायदे आणि धर्म राखण्याची मुभा मिळाली. इंग्रजांनी दीडशेहून अधिक वर्षे राज्य केलेल्या बेटावर गावांची नावे, वर्तमानपत्रे आणि दुकानांवरच्या पाट्या अजून फ्रेंच का, हा प्रश्न प्रत्येक पर्यटकाला पडतो. त्याचे उत्तर या अटींत आहे.

या भागातली माझी सर्वांत आवडती जागा म्हणजे इल ओ एग्रेट हे अवघे २६ हेक्टरचे प्रवाळी बेट. किनाऱ्यापासून ते एक किलोमीटरही दूर नाही. येथे वन्यजीव प्रतिष्ठानाच्या मार्गदर्शकाबरोबरच जावे लागते, संख्या मर्यादित असते आणि जागा आधी राखून ठेवावी लागते. माणूस येण्यापूर्वी मॉरिशसच्या किनाऱ्यावर जे कोरडे जंगल होते त्याचा जपून ठेवलेला, आणि बऱ्याच अंशी पुन्हा उभा केलेला, हा तुकडा आहे. आबनूसाची झाडे पाहून प्रथम निराशाच होते, कारण ती बारीक दिसतात. मग मार्गदर्शक सांगतो, की मनगटाएवढ्या जाडीचे हे खोड व्हायला कित्येक दशके लागतात, आणि तेथेच डचांनी किती काळाची ठेव तोडून नेली याचा अंदाज येतो. आबनूसाची फळे खाऊन बिया लांबवर नेण्याचे काम पूर्वी येथील महाकाय कासवे करीत. ती नामशेष झाली. म्हणून सेशेल्समधील अल्दाब्रा बेटांवरची त्यांची भाऊबंद कासवे आणून येथे मोकळी सोडण्यात आली, आणि त्यांच्या विष्ठेतून आबनूसाची रोपे पुन्हा उगवू लागली. मी गेलो तेव्हा पायवाटेच्या मधोमध असेच एक कासव बसले होते. मार्गदर्शकाने त्याच्या मानेखाली हळूच बोटे फिरवताच ते चारही पायांवर ताठ उभे राहिले आणि मान लांबवून तसेच स्तब्ध थांबले. थोडे पुढे एका फांदीवर गुलाबी कबूतर होते, छाती गुलाबीसर राखाडी, शेपटी तपकिरी, पायात रंगीत कडी. १९९०च्या सुमारास ही कबुतरे निसर्गात जेमतेम दहाएक उरली होती. आज ती शेकड्यांनी आहेत. मॉरिशसचा छोटा ससाणा तर १९७४ मध्ये निसर्गात अवघा चार उरला होता, आणि त्यालाही जीवशास्त्रज्ञ कार्ल जोन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिंजऱ्यात अंडी उबवून वाचवले. ज्या बेटाची जगभर ओळख एका नामशेष पक्ष्यामुळे आहे, तेथे हे काम झाले याचे मला फार मोल वाटते.

जुलै २०२० मध्ये वाकाशिओ नावाचे मालवाहू जहाज याच किनाऱ्याजवळ प्रवाळावर चढले आणि ऑगस्टमध्ये त्यातून तेल गळू लागले, तेव्हा हे बेट आणि ब्लू बेचे प्रवाळ दोन्ही धोक्यात आले. त्या वेळी हजारो सामान्य लोकांनी उसाचे पाचट कापडी पिशव्यांत भरून, शिवून तरंगते अडसर तयार केले आणि ते समुद्रात सोडले. ब्लू बेच्या सागरी उद्यानात काचेच्या तळाच्या होडीतून किंवा तोंडाला नळी लावून प्रवाळ पाहताना हे आठवावे, आणि प्रवाळावर पाय ठेवू नये. पोहता न येणाऱ्यांसाठीही होडीतून पुरेसे दिसते.

येथून पुढचा टप्पा राजधानी पोर्ट लुई. फ्रेंच गव्हर्नर माहे द ला बूर्दोने १७३५ मध्ये आला आणि त्याने या बंदराचे शहर केले. शहरात राहण्याची गरज नाही, पण एक संपूर्ण दिवस द्यावा, आणि तो कामकाजाचा दिवस असावा, कारण रविवारी शहर ओस पडते. सकाळी थेट आप्रवासी घाटावर, म्हणजे मजूर उतरवून घेण्याच्या जुन्या छावणीवर जावे. १८३५ मध्ये गुलामगिरी रद्द होणार होती आणि उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून ब्रिटिशांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर आणण्याचा प्रयोग येथे सुरू केला. २ नोव्हेंबर १८३४ रोजी अॅटलस या जहाजातून पहिली ३६ माणसे उतरली. ती तारीख आज राष्ट्रीय सुट्टी आहे. १९२०पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे या बंदरातून गेली. काही येथेच राहिली, काही पुढे अन्य वसाहतींत गेली. हा प्रयोग यशस्वी ठरला म्हणूनच फिजी, गयाना, त्रिनिदाद, दक्षिण आफ्रिकेतील नाताळ प्रांत या साऱ्या ठिकाणी हीच पद्धत राबवली गेली.

१८४९ मध्ये बांधू लागलेल्या या छावणीचा थोडाच भाग आज उरला आहे. युनेस्कोने २००६ मध्ये तिला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. बंदरातून वर येणाऱ्या काळ्या दगडाच्या पायऱ्या, मजुरांच्या निवासाच्या दालनांचे अवशेष, स्वयंपाकाची आणि रुग्णांची जागा, दारातल्या पहारेकऱ्याची खोली, एवढेच पाहायला आहे. पण शेजारच्या माहिती केंद्रात मजुरांची छायाचित्रे आणि नोंदी मांडलेल्या आहेत, आणि त्या पाहताना वेळेचे भान राहत नाही. प्रत्येकाला क्रमांक, प्रत्येकाचे जहाज, गाव, जात, उंची, अंगावरची खूण. छायाचित्रातल्या माणसांनी कॅमेरा प्रथमच पाहिलेला असणार, आणि त्यांच्या डोळ्यांत तो संकोच स्पष्ट दिसतो. कलकत्ता आणि मद्रास यांच्याबरोबर मुंबई बंदरातूनही जहाजे सुटली, आणि त्यांत रत्नागिरी आणि आसपासच्या कोकणातली माणसे होती. मूळ नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आहेत, आणि आपल्या पणजोबांचे गाव शोधण्यासाठी मॉरिशसचे नागरिक आजही तेथे जातात. आप्रवासी घाट विनामूल्य आहे. टूर कंपन्यांच्या कार्यक्रमात तो बहुधा गाडीतूनच दाखवला जातो. तसे पाहू नये.

तेथून चालत काही मिनिटांवर समुद्रकाठी ब्लू पेनी संग्रहालय आहे. १८४७ मध्ये मॉरिशसने काढलेली एक पेनीची नारिंगी-तांबडी आणि दोन पेन्सांची निळी अशी दोन टपाल तिकिटे येथे आहेत. ‘पोस्ट ऑफिस’ असे शब्द असलेली ही तिकिटे दोन्ही मिळून जगात अवघी २७ ज्ञात आहेत, आणि त्यांपैकी काही गव्हर्नरच्या पत्नीने नृत्यसमारंभाची निमंत्रणे पाठवण्यासाठी वापरली होती. १९९३ मध्ये येथील बँका आणि उद्योगांनी एकत्र येऊन या दोन तिकिटांची लिलावात खरेदी केली आणि ती मायदेशी आणली. रंग उडू नये म्हणून मूळ तिकिटांवरचा दिवा तासातली काही मिनिटेच लावतात; बाकी वेळ प्रतिकृतीच दिसतात. तेव्हा आत शिरताना दिव्याची वेळ विचारून घ्यावी.

दुपारचे जेवण मध्यवर्ती मंडईच्या आसपास उभ्याउभ्या करावे, असा माझा आग्रह आहे. धोल पुरी हे मॉरिशसचे खरे राष्ट्रीय अन्न. हरभऱ्यासारखी पिवळी डाळ शिजवून कोरडी दळतात, तिच्यात हळद आणि जिरे घालून ते सारण मैद्याच्या गोळ्यात भरतात आणि पोळी लाटतात; आपल्या पुरणपोळीचाच हा तिखटमिठाचा भाऊ म्हणता येईल. पण ती इतकी पातळ आणि मऊ असते, की सारणाचा वेगळा थर जाणवत नाही. मंडईच्या कोपऱ्यावर काचेच्या पेटीत पुऱ्यांची चळत कापडाखाली झाकून विक्रेता उभा असतो. तो नेहमी दोनची जोडी देतो. एकावर एक पसरलेल्या पुऱ्यांवर आधी मोठ्या पांढऱ्या वालांची रस्साभाजी, मग टोमॅटोचा रुगाय, मग कोथिंबिरीची किंवा नारळाची चटणी, आणि शेवटी ‘पिमां?’ असा प्रश्न. हो म्हटले तर वाटलेल्या मिरचीचा एक चमचा पडतो, आणि तो खरोखर तिखट असतो. मग कागदात गुंडाळी करून हातात मिळते. हे सारे होईपर्यंत अर्धे मिनिटही जात नाही. रांगेत बँकेतला अधिकारी, बंदरातला हमाल, गणवेशातली शाळकरी मुले, बुरख्यातल्या बाई, चिनी दुकानदार सगळे असतात. शाकाहारी माणसाला मॉरिशसमध्ये खायला मिळत नाही हा समज या एका पदार्थाने दूर व्हावा. सकाळी पावात घालून मिळणारे गातो पिमां म्हणजे डाळीचे छोटे वडे, सब्जा आणि अगार घातलेली थंडगार दुधाळ आलुदा, आणि चिंच-मिरचीत मुरवलेले अननसाचे तुकडेही सोडू नयेत. मासे खाणाऱ्यांनी हळद, मोहरी, लसूण आणि व्हिनेगर लावलेला विंदाय चाखावा.

पोर्ट लुईच्या उत्तरेला पाँप्लमूसचे वनस्पती उद्यान आहे. मोठ्या परातीसारख्या पानांच्या कमळांचे छायाचित्र सर्वजण काढतात आणि निघतात, पण या बागेची खरी ओळख मसाल्यांशी आहे. पिएर प्वाव्र या फ्रेंच अधिकाऱ्याने अठराव्या शतकात डचांची मक्तेदारी मोडून मोलुक्का बेटांवरून लवंग आणि जायफळाची रोपे येथे आणून वाढवली. आयुष्यात एकदाच फुलून मरून जाणारा तालिपोट माडही येथे आहे. मार्गदर्शक घ्यावा, नाहीतर झाडांच्या नावांपलीकडे काही कळत नाही. जवळच जुन्या साखर कारखान्यात साखरेचे संग्रहालय आहे. तेथे दोन तास सहज जातात.

येथून पश्चिमेकडे आणि नैऋत्येकडे जाताना उसाच्या मळ्यांमध्ये काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसू लागतात, काही तर पिरॅमिडसारखे रचलेले. गाडीतून ती कसली तरी बांधकामे वाटतात. प्रत्यक्षात ज्वालामुखीच्या दगडांनी भरलेली ही जमीन नांगराखाली आणण्यासाठी आधी गुलामांनी आणि नंतर करारावरच्या मजुरांनी हातांनी वेचून रचलेले हे धोंडे आहेत. आप्रवासी घाट पाहून आलेल्या माणसाला ते वेगळे दिसतात.

नैऋत्य टोकावरचा ५५६ मीटर उंचीचा ल मॉर्न हा सरळसोट कड्यांचा डोंगर जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत असतो. मळ्यांतून पळालेले गुलाम अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी याच्या कपारींत आणि माथ्यावर लपून राहत. लोककथा अशी, की गुलामगिरी रद्द झाल्याची बातमी घेऊन येणारे शिपाई पाहून ते आपल्याला पकडायला आले आहेत असे समजून काहींनी कड्यावरून उड्या घेतल्या. ही स्मृती जपणाऱ्या या डोंगराला २००८ मध्ये जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. पायथ्याशी गुलामांच्या मार्गाचे स्मारक आहे. मादागास्कर, मोझांबिक, भारत अशा ज्या ज्या भूमींतून माणसे आणली गेली त्यांची आठवण तेथील दगडी शिल्पे करून देतात. सह्याद्रीत फिरणाऱ्यांना डोंगराची चढाई आवडेल. अर्धी वाट रुंद आणि सोपी, पुढचा भाग हातापायांनी चढण्याचा. पहाटे निघावे, आणि पाऊस असेल तर शेवटचा टप्पा सोडून द्यावा. येथे ‘पाण्याखालचा धबधबा’ पाहायला मिळेल असे सांगितले जाते. तो वाळू आणि गाळाच्या प्रवाहाने निर्माण होणारा दृष्टिभ्रम आहे आणि फक्त हेलिकॉप्टर किंवा छोट्या विमानातूनच दिसतो, तेव्हा डोंगरावरून तो शोधत बसू नये. जवळच शामारेलची सात रंगांची माती आहे. छायाचित्रांवरून वाटते त्यापेक्षा ती जागा बरीच लहान आहे, पण त्याच आवारातला धबधबा उत्तम आहे.

याच पश्चिम पट्ट्यात कासावेल आणि आसपासच्या गावांत मराठी कुटुंबे राहतात. मॉरिशसमधील मराठी समाज संख्येने लहान आहे, पण त्याने आपले सण, भजने आणि कोकणातून आलेले जाखडी नृत्य टिकवले आहे. गणेश चतुर्थीची येथे सार्वजनिक सुट्टी असते आणि मूर्ती वाजतगाजत नदीवर किंवा समुद्रावर नेतात. शाळांमध्ये मराठी विषय शिकता येतो, आणि २०२३ मध्ये महाराष्ट्र भवनाच्या आवारात छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा उभारण्यात आला. घरात बोलली जाते ती मात्र क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून घडलेली बेटाची बोली. एका देवळाच्या ओट्यावर भेटलेल्या आजोबांनी मला अतिशय नेटक्या, पुस्तकी मराठीत विचारले, “आपण रत्नागिरीहून आलात काय?” मी पुण्याचा आहे हे सांगितल्यावर ते म्हणाले, “माझे खापरपणजोबा रत्नागिरीचे. गावाचे नाव कागदात आहे, पण त्या नावाचे गाव आम्हाला अजून सापडले नाही.” त्यांचे आडनाव म्हणजे त्या खापरपणजोबांचेच पाळण्यातले नाव होते, पुढे ‘जी’ जोडलेले. नोंदवहीत कारकुनाने जे लिहिले तेच पुढच्या सर्व पिढ्यांचे आडनाव झाले. महाराष्ट्रातून येणाऱ्या माणसाशी बोलायला ही मंडळी किती उत्सुक असतात हे रिसॉर्टमध्ये बसून कळण्याची शक्यता नाही. गाडीचालकाला किंवा अतिथिगृहाच्या मालकाला विचारले, तर जवळच्या मराठी देवळाचा पत्ता सहज मिळतो.

बेटाच्या मध्यभागी, उंच पठारावर, ग्रां बासें म्हणजेच गंगा तलाव आहे. विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात साचलेल्या या तळ्याकडे १८९८ मध्ये त्रिओले गावच्या एका पुजाऱ्याच्या पुढाकाराने पहिली पदयात्रा निघाली. १९७२ मध्ये गंगेचे पाणी आणून त्यात मिसळण्यात आले. आज महाशिवरात्रीला लाखो लोक बेटाच्या कानाकोपऱ्यांतून कावडी घेऊन पायी येतात आणि वाटेवर सर्व धर्मांचे लोक त्यांना पाणी, फळे, सरबत देतात. ३३ मीटर उंचीच्या शंकराच्या मूर्तीजवळ सर्व बसगाड्या थांबतात. खाली तळ्याच्या काठावर जावे, तेथे धुके उतरलेले असते आणि थंडी वाजते, म्हणून स्वेटर बरोबर असावा. शेजारीच ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे राष्ट्रीय उद्यान आहे, तेथील एखादी पायवाट निवडून अर्धा दिवस चालावे.

आणि समुद्र? तो तर सर्वत्र आहे. मॉरिशसमध्ये पुळणीची जमीन सरकारची आहे आणि भरतीच्या रेषेपर्यंत कोणालाही जाता येते; पंचतारांकित हॉटेलसमोरच्या वाळूतही तुम्हाला चालण्याचा हक्क आहे. तरी मी सार्वजनिक पुळणी निवडीन, त्यातही रविवारी. फ्लिक आं फ्लाक किंवा ल मॉर्नच्या सुरूच्या बनांत अख्खी कुटुंबे सकाळीच पातेली, चटया आणि ढोल घेऊन येतात. बकऱ्याच्या कातड्याचा रवान हा डफ आधी जाळावर तापवतात, मग गुलामांच्या वस्त्यांत जन्मलेला सेगा सुरू होतो, आणि त्यात आजीपासून नातवापर्यंत सगळे नाचतात. हॉटेलातल्या रात्रीच्या कार्यक्रमात दिसणारा सेगा याच्यापुढे अगदीच फिका. दक्षिण किनाऱ्यावर सुयाक आणि ग्री ग्री येथे प्रवाळाचे कडे तुटलेले आहे, त्यामुळे लाटा थेट काळ्या कड्यांवर आदळतात. ती जागा पाहावी, पण पाण्यात उतरू नये.

काही व्यवहाराच्या गोष्टी. ऑक्टोबर आणि नोव्हेंबर हे महिने सर्वोत्तम, म्हणजे आपल्या दिवाळीच्या सुट्टीशी ते जुळतात. हवा कोरडी, पाणी उबदार, आणि नोव्हेंबरच्या अखेरीपासून गुलमोहर फुलतो व लिची बाजारात येते. मे महिन्याची सुट्टीही चांगली. जुलै-ऑगस्टमध्ये पूर्व किनाऱ्यावर वारा फार असतो, तेव्हा पश्चिमेला राहावे. जानेवारी ते मार्च हा चक्रीवादळांचा काळ. भारतीय पारपत्रधारकांना पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, परंतु परतीचे तिकीट, राहण्याची नोंदणी आणि प्रवासापूर्वीचा ऑनलाइन अर्ज लागतो. निघण्यापूर्वी नियम पुन्हा तपासावेत. वाहने डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे भाड्याची गाडी चालवणे आपल्याला सोपे जाते. गाडी नको असेल तर बसगाड्या जवळपास प्रत्येक गावी जातात, आणि पोर्ट लुईहून पठारावरच्या क्युरपीपपर्यंत मेट्रो आहे. संध्याकाळी मात्र बसगाड्या लवकर थांबतात. आठ रात्री असतील तर तीन माहेबूर-ब्लू बे भागात, दोन उत्तरेला आणि तीन पश्चिम किनाऱ्यावर, अशी विभागणी मी सुचवीन. आणि वेळ कमी असेल तर उत्तरेच्या दोन रात्री गाळाव्यात, कारण पोर्ट लुई पश्चिम किनाऱ्यावरूनही एका दिवसात पाहून होते.